'रिता' आणि 'रिकामा' यांत फरक कुठे पडतो

"आजी गेल्यापासून घरात रितेपण आलंय" हे वाक्य बरोबर आहे का, आणि 'रिता' व 'रिकामा' म्हणजे एकच ना, असं तुम्ही विचारलंय. वाक्य व्याकरणात बसतं. पण हे दोन शब्द एक नाहीत. हल्ली ऊठसूट 'रितेपण' लिहिलं जातं आणि आपले चार-पाच नेमके शब्द अडगळीत पडतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मूळ संस्कृत 'रिच्' या धातूत आहे. अर्थ सोडणं, रिकामं करणं. 'रिक्त' त्यातूनच आला; अतिरिक्त, व्यतिरिक्त, अतिरेक हेही त्याच घरातले. प्राणायामात पूरक म्हणजे श्वास घेणं, कुंभक म्हणजे धरून ठेवणं, रेचक म्हणजे सोडणं. तो रेचकही इथलाच. हा 'सोडून दिल्याचा' भाव 'रिता'ने आजही सांभाळलाय. जे भरलेलं होतं, किंवा मुळात भरण्यासाठीच असतं आणि आता त्यात काही नाही, ते रितं. घागर, रांजण, ओंजळ, हात, मन. रहाटाची गाडगी भरून वर येतात आणि रिती होऊन खाली जातात. तिथे 'रिकामी' म्हटलं तरी चालेल, पण 'रिती' म्हटलं की ओतलं गेलेलं पाणीही दिसतं.

म्हणूनच 'बसमध्ये रिती सीट' किंवा 'रिता प्लॉट' कानाला खटकतं. 'रिकामा' बघतो तो वापर: जागेवर कुणी नाही, माणसाला काम नाही. 'रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी' ही म्हण घ्या. तुंबडी म्हणजे अंगातलं रक्त ओढून काढायचं जुनं साधन, आणि ते काम न्हावी करत. गिऱ्हाईक नाही, तर हा कुडाच्या भिंतीलाच तुंबड्या लावत बसला! त्याच्या आतलं काही सांडलेलं नाही, फक्त हाताला काम नाही. त्याला 'रिता न्हावी' म्हणून बघा, म्हण तिथेच मरते.

'मोकळा' आणखी वेगळा. त्यात अडकलेलं सुटणं आहे: केस मोकळे, भात मोकळा, मन मोकळं. पोट रिकामं असलं की भूक लागते, पोट मोकळं झालं की बरं वाटतं. (औषध रिकाम्या पोटी घ्यायचं असेल तर 'अनशापोटी' हा सुरेख शब्द आहे, तो वापरत राहा.) आणि 'पोकळ' म्हणजे घडणच तशी. बांबू पोकळ असतो, तो कधी रिता होत नाही. 'बडा घर पोकळ वासा' यात आधी काही होतं आणि ते गेलं, अशी तक्रार नाहीच. आत कधी काही नव्हतंच, हे म्हणणं आहे.

प्रांताप्रमाणेही फरक पडतो. गोव्यात कोंकणी बोलणाऱ्याच्या तोंडी 'रितें' हा रोजचा, स्वयंपाकघरातला शब्द आहे, त्यात काव्य वगैरे काही नाही. विदर्भात "डबा खाली कर" म्हणजे रिकामा कर. पुण्याच्या माणसाला तो फळीवरून उतरवायला सांगितल्यासारखं वाटेल. हा 'खाली' अरबीतून आला, आणि तबल्याच्या तीनतालात नवव्या मात्रेवर येणारी खाली (टाळी न देता सोडलेली मात्रा) हीही तीच.

रितेपणाला आपल्याकडे थोडं भिऊनच असतात. तांदूळ 'संपले' न म्हणता 'वाढले' म्हणायचं. शेजारणीचा डबा परत देताना त्यात चिमूटभर साखर तरी घालायची. पंचांगात चतुर्थी, नवमी आणि चतुर्दशी या तिथींना 'रिक्ता' म्हणतात आणि शुभकार्याला त्या सहसा टाळतात. पण गणेश चतुर्थी, रामनवमी आणि अनंत चतुर्दशी नेमक्या याच तिथींवर येतात! मला हे फार आवडतं.

आता तुमचं वाक्य. घराबद्दल बोलायचं असेल तर 'घर सुनं झालंय' लिहा. 'सुना' हा 'शून्य'पासून आलाय आणि माणूस नसल्याची खंत त्यात आपोआप येते. 'ओस' इथे नको, त्यासाठी सगळी वस्ती उठून जावी लागते. तिचं देवघर, फुलं-रांगोळी, रोजची मांडामांड गेली हे सांगायचं असेल तर 'ओकंबोकं'; गणपती गेल्यावर मखराकडे बघून आपण म्हणतो तेच. तिची खोली मात्र 'रिकामी'च. 'रितं' ठेवायचंच असेल तर ते घराला न लावता स्वतःला लावा: "आजी गेल्यापासून आतून रितं वाटतं." आणि 'रितेपण आलंय' यातलं 'पण' काढून टाका. भाववाचक नाम केलं की दुःख लांबचं वाटायला लागतं.