परिषदेआधी ग्रामपंचायतीत

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील तालुक्याच्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवते. आमच्या महिला विकास कक्षातर्फे ‘महिला नेतृत्व आणि पर्यावरणीय शाश्वतता’ या विषयावर एकदिवसीय परिषद घ्यायची आहे. मागच्या वेळी उद्घाटन आणि सत्कारातच दुपार झाली आणि शोधनिबंध पाच-पाच मिनिटांत उरकले गेले. या वेळी विद्यार्थिनींच्या पदरात काही पडावे, यासाठी विषय कसा मांडावा आणि वक्ते कोण असावेत?

उत्तर : मांडणीतून आधी एक वाक्य वगळा : ‘स्त्री मुळातच निसर्गाच्या जवळ असते.’ ते उद्घाटनाच्या भाषणात हमखास येते, टाळ्याही घेते आणि पुढचा विचार तिथेच थांबतो. विहीर आटली की हंडा घेऊन लांब जावे लागते ते बाईला, म्हणून टंचाईची झळ तिला आधी लागते. पण त्या विहिरीशेजारी उसासाठी नवी बोअर मारायची की नाही, हे ठरवताना तिला कुणी विचारत नाही. नेतृत्वाचा प्रश्न या ठरवण्याचा आहे. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायत राज संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत; तेव्हा तालुक्यातील दोन-तीन महिला सरपंचांना मुख्य सत्रात बोलवा. पत्र त्यांच्याच नावे पाठवा, फोनही त्यांनाच करा, आणि यजमान सोबत आलेच तर त्यांची सोय पहिल्या रांगेत करा, व्यासपीठावर नव्हे.

शिक्षणसंस्थेच्या उपक्रमातून काय उभे राहू शकते, हे पुण्यात दिसले आहे. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील कार्यकर्त्या शिकवण्याच्या निमित्ताने कचरावेचकांमध्ये वावरू लागल्या, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की ओल्या-सुक्या मिसळलेल्या ढिगात हात घालण्याऐवजी घरोघरी वेगळा केलेला कचरा मिळाला, तर या बायकांची कमाईही सुधारेल आणि हातही सुरक्षित राहतील. त्या ओळखीतून १९९३ साली कचरावेचकांचे अधिवेशन भरले आणि बाबा आढाव यांच्या पाठबळावर ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी राहिली. दारोदार कचरा गोळा करणारी ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था पुढे तिच्यातूनच निघाली. सदस्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. त्यांच्यापैकी एखादीला वक्ता म्हणून बोलवा आणि मानधन इतर वक्त्यांइतकेच द्या. वेफर्सच्या चकचकीत पाकिटाला भंगारात भाव का येत नाही, हे ती ज्या नेमकेपणाने सांगेल, तसे आपल्याला वर्गात सांगता येत नाही.

अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचे नाव तुमच्या मनात असेलच. शाळेची पायरी न चढलेल्या राहीबाईंनी गावरान वाणांची बियाणे बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मात्र त्यांचे छायाचित्र पडद्यावर दाखवून थांबू नका. घरातल्या वालाचे किंवा भोपळ्याचे बी आजी राखेत ठेवते, गाडग्यात की आणखी कशात, आणि पुढच्या हंगामासाठी कोणते बी राखायचे हे घरात कोण ठरवते, एवढे प्रत्येक विद्यार्थिनीने विचारून यावे.

शोधनिबंधांच्या जागी मी एक काम सुचवीन. जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी आणि गावातील वनस्पती, प्राणी व पारंपरिक ज्ञान यांची लोक जैवविविधता नोंदवही हवी. २००४ च्या नियमांनी या समितीत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे ठरवून दिले होते. परिषदेच्या महिनाभर आधी विद्यार्थिनींनी आपापल्या ग्रामपंचायतीत जाऊन तीन गोष्टी पाहाव्यात : समितीवर कोणत्या स्त्रिया आहेत, आपण सदस्य आहोत हे त्यांना ठाऊक आहे का, आणि नोंदवहीसाठी माहिती कुणाकडून घेतली. समितीचे फलक दिसतील आणि समिती सापडणार नाही, असेही काही गावांत घडेल. तीही नोंदच आहे, ती तशीच मांडावी. वीस गावांची अशी माहिती समोर आली, तर दुपारच्या सत्रात सरपंचांना विचारायला प्रश्न शोधावे लागणार नाहीत.

तयारीबद्दल एवढेच : कापडी फलकावर तारीख छापू नका, म्हणजे तो पुढच्या वर्षीही चालेल. मागच्या परिषदेनंतर सभागृहात काय-काय उरले होते, हे तिथे झाडणाऱ्या मावशींना विचारा, आणि पाण्याच्या बाटल्या मागवायच्या की पिंप आणि स्टीलचे पेले ठेवायचे, हे त्यानंतर ठरवा.