मोठ्या प्रिंटरसाठी स्वस्तात कागद कुठून आणायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: ३६ इंची जुना इंकजेट प्लॉटर, म्हणजे रोलवर छापणारा मोठा प्रिंटर, हाती आलाय, त्यावर शिवणाचे ए० पॅटर्न आणि अधूनमधून एखादं पोस्टर छापायचंय, पण कंपनीच्या कागदाचे भाव बघून प्रिंटर विकून टाकावासा वाटतोय. विकू नका. मी असाच एक म्हातारा प्लॉटर काही वर्षं पाळतोय आणि कंपनीचा रोल फक्त एकदा घेतलाय, तोही पहिल्यांदा, काही कळत नव्हतं म्हणून.

सगळी गोम विचारायच्या शब्दात आहे. ‘पोस्टर पेपर’ किंवा ‘फोटो पेपर’ म्हणून शोधलंत की महागच माल समोर येणार. ‘प्लॉटर रोल’ किंवा ‘इंकजेट बॉण्ड रोल’ म्हणा. आर्किटेक्ट, सर्व्हेवाले, बांधकामाचे इंजिनिअर रोज ढिगाने नकाशे काढतात आणि दुसऱ्या दिवशी साइटवर मातीत घालतात. त्यांना भारी कागद परवडतच नाही. त्यांना जो पुरवठादार माल देतो तोच तुमचा माणूस. ७५ ते ९० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) साधा पांढरा बॉण्ड, म्हणजे लेप नसलेला कागद, घ्या, पॅटर्नला त्याहून जास्त काही लागत नाही. खोक्यावर प्रिंटरच्या कंपनीचं नाव नसलं तरी प्रिंटरला त्याचं काही नसतं. एकदम चार-सहा रोलांचं खोकं घेतलं तर रोलमागे भाव उतरतो. तेवढा कागद नको असेल तर आणखी कुणी प्लॉटरवाला गाठा आणि वाटून घ्या.

भाव रोलवर बघू नका, चौरस मीटरवर बघा. समजा रोल ३६ इंच रुंद आणि १५० फूट लांब आहे. ३६ इंच म्हणजे ०.९१४ मीटर, १५० फूट म्हणजे ४५.७ मीटर, गुणाकार ४१.८ चौरस मीटर. शेजारी तसाच दिसणारा १०० फुटी रोल असतो, त्यात २७.९ चौरस मीटरच भरतात, आणि ‘स्वस्त’ म्हणून नेमका तोच गळ्यात पडतो. ए० पान ८४१ बाय ११८९ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ बरोबर एक चौरस मीटर. १५० फुटी रोलमधून हिशेबाने ३८ पानं निघतात. पुढेमागे सुटणारा कोरा कागद धरला की एखाददुसरं कमी. रुंदीत ७३ मिलिमीटरची पट्टी वाया जाते, तिच्यावर मी कॉलर आणि खिशाचे तुकडे बसवतो.

अर्धवट वापरलेले रोल मिळाले तर सोडू नका. पण विकणारा ‘अर्ध्याहून जास्त आहे हो’ म्हणाला की वजनकाटा काढा. समजा नळी वजा जाता कागद भरला दोन किलो आणि तो ८० जीएसएमचा आहे. २००० भागिले ८० म्हणजे २५ चौरस मीटर, त्याला ०.९१४ ने भागलं की साधारण २७ मीटर लांबी. नळीचं वजन कळायला आपली एखादी रिकामी नळी जपून ठेवायची. आख्खा १५० फुटी, ८० जीएसएमचा रोल नळीशिवाय ३.३ किलोच्या आसपास भरायला हवा. फारच कमी भरला तर एक तर लांबी कमी आहे, नाहीतर जीएसएम.

नळीवरून आठवलं, तिचं भोकही बघून घ्या. काही रोलांची नळी २ इंची असते, काहींची ३ इंची. टोनरवर चालणाऱ्या मोठ्या नकाशा-मशीनचे रोल ३ इंची नळीचे आणि बऱ्याचदा ५०० फुटी असतात. भाव बघून जीव हरखतो, पण ते धूड छोट्या प्लॉटरच्या दांड्यावर बसत नाही.

आता माझा गाढवपणा. एका छपाईच्या प्रेसमधून उरलेले आर्ट पेपरचे मोठे ताव मला जवळपास फुकट मिळाले. गुळगुळीत, झकास. पोस्टर छापलं, रंगही सुरेख दिसले. तिसऱ्या दिवशी गुंडाळायला घेतलं तर काळी शाई अंगठ्याला आली आणि तिथून पोस्टरमधल्या सबंध आभाळावर पसरली. आर्ट पेपरचा लेप ऑफसेटच्या तेलकट शाईसाठी असतो. आपली शाई पाण्याची, ती आत न मुरता वरच बसून राहते. इंकजेटचा कोटेड कागद हे वेगळंच प्रकरण आहे, त्याचा लेप पाणी पिणारा असतो. तेव्हा पोस्टरसाठी १२० जीएसएमच्या पुढचा इंकजेट कोटेड रोल एखादाच आणून ठेवा आणि तो पॅटर्नवर उधळू नका. साध्या बॉण्डवर भरगच्च रंग ओतलेत तर कागद पाण्याने फुगून लाटा येतात आणि शाई सोडणारं हेड त्याला घासतं.

प्रेसवाल्यांचा मॅपलिथो, म्हणजे लेप नसलेला साधा छपाईचा कागद, मात्र रेघांच्या कामाला चालतो. फक्त मापाची एक मेख आहे. २३ बाय ३६ इंची ताव बघून वाटतं ए१ आरामात बसेल. पण २३ इंच म्हणजे ५८४ मिलिमीटर आणि ए१ ची रुंदी ५९४. दहा मिलिमीटरसाठी काम अडतं. २५ बाय ३६ मागा. ताव एकेक हाताने सरकवावा लागतो आणि वाकडा गेला की पॅटर्नचं मापही वाकडं, म्हणून पहिल्या पानावरचा चाचणीचा चौकोन पट्टीने मोजल्याशिवाय कात्री लावू नका.

वर्तमानपत्राच्या कागदाच्या उरलेल्या गुंडाळ्या आणि ब्राऊन पेपर यांच्या वाटेला जाऊ नका, धूळ-तंतू फार, हेडची वाट लागते. फ्लेक्सवाल्यांकडचे तुकडेही आपल्या शाईला उपयोगाचे नाहीत.

कोटेड कागदाची छापायची बाजू ओळखायची असेल तर बोट किंचित ओलं करून कोपरा चिमटीत धरा. ज्या बाजूला बोट चिकटल्यासारखं होतं ती लेपाची. आणि प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कागद ‘बॉण्ड’ निवडा, दर्जा ‘ड्राफ्ट’. ‘फोटो’वर राहून गेलं तर कागदात वाचवलेले पैसे शाईत जातात.

महिन्याला दोन-तीनच पॅटर्न निघणार असतील तर रोलही घेऊ नका, नकाशे छापून देणाऱ्याकडे काळ्या-पांढऱ्यात काढून घ्या, पोस्टरच्या दराने नव्हे, नकाशाच्या दराने. रोल घेतलाच तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आडवा ठेवा. माझा एक उभा ठेवलेला पडला, कड चेपली, आणि पुढे कितीतरी पानं त्याच जागी अडकत राहिली.