फ्रँकफर्टला येण्याआधी

तू तीन गोष्टी विचारल्यास: गेम कन्सोल बनवणाऱ्या कंपनीची फ्रँकफर्टची ऑफर मिळाली तर घ्यावी का, मुलाखतीत ‘युरोपात स्पर्धेत टिकायचं कसं’ याला काय सांगावं, आणि सहा वर्षांच्या लेकीचं इथे कसं होईल. व्हिसा, ब्लू कार्ड, टॅक्स हे सगळं सरकारी साइटवर आहे, त्यात मी शिरत नाही.

मुलाखतीत युरोपला एक बाजारपेठ म्हणू नकोस. आणि इथल्या गिऱ्हाइकाला शेवटच्या पंगतीला बसवलेलं चालत नाही. पूर्वी इथल्या टीव्हीच्या ५० हर्ट्झमुळे (सेकंदाला ५० चित्रं, जपान-अमेरिकेत ६०) कितीतरी गेम मूळ वेगापेक्षा संथ चालायचे, वर-खाली काळ्या पट्ट्या यायच्या. मायक्रोसॉफ्टने मार्च २००२ मध्ये एक्सबॉक्स ४७९ युरोला आणला आणि दीड महिन्याच्या आत तो २९९ वर उतरवावा लागला. सोनीचा प्लेस्टेशन ३ जपान-अमेरिकेत नोव्हेंबर २००६ मध्ये आला, इथे यायला मार्च २००७ उजाडला, तोही ५९९ युरोला. पण त्याच सोनीच्या लंडनच्या स्टुडिओने सिंगस्टार या गाण्याच्या गेमच्या डिस्क देशागणिक वेगळ्या गाण्यांच्या काढल्या. हे उदाहरण दे. शिवाय वयाचे शिक्के: जर्मनीत खोक्यावर यूएसके या जर्मन संस्थेचा, सहा वर्षांपासून पुढच्यांसाठी पिवळा, बारासाठी हिरवा, सीमेपलीकडे फ्रान्समध्ये पेगी या युरोपीय पद्धतीचा.

मी नऊ वर्षं भाषेचं टेस्टिंग करतेय. इंग्रजी ‘सेटिंग्ज’ ज्या बटणात बसतं, त्यात जर्मन ‘आइनश्टेलुंगेन’ बसत नाही. शेवटची अक्षरं चौकटीबाहेर लटकतात. एकेक स्क्रीन थांबवायचा, फोटो काढायचा, तक्रार लिहायची. इटलीतल्या पोराला गेम इटालियनमध्येच कळला पाहिजे, यासाठी मी मीटिंगमध्ये आवाज चढवून भांडलेय.

आणि स्वतःच्या लेकीसाठी मात्र गप्प बसले. आलो तेव्हा ती आठ वर्षांची होती. हेसेनमध्ये, म्हणजे फ्रँकफर्टच्या राज्यात, चौथीतच शाळा शिफारस करते, मूल विद्यापीठाकडे नेणाऱ्या गिम्नाझियुमला जावं की दहावीला संपणाऱ्या रेआलशूलेला. भागाकार तिला तोंडपाठ होते, पण गणितातली जर्मन वाक्यं कळायची नाहीत. बाई म्हणाल्या, ‘ती फार शांत मुलगी आहे.’ शांत! घरी मराठीत तिची टकळी थांबायची नाही. मला बाईंचं निम्मंच समजत होतं, तरी मी मान डोलावत राहिले. रेआलशूलेच्या शिफारशीवर सही केली. शिफारशीविरुद्ध आपण गिम्नाझियुम मागू शकतो, हे कळलं तेव्हा शाळा सुरू होऊन तीन महिने झाले होते.

रेआलशूले वाईट असते असं नाही. पण कौल तिच्या बुद्धीचा नव्हता, जर्मनचा होता, आणि हा फरक ओळखणं हेच तर माझं रोजचं काम. आज ती सतरा वर्षांची आहे. त्या शाळेबद्दल कधी बोलत नाही. माझ्याशी भांडते तेव्हा जर्मनमध्ये भांडते.

एकटेपणाचं फार मनावर घेऊ नकोस. पहिला नोव्हेंबर जड जातो, पाचच्या आत अंधार पडतो. पुढे अंगवळणी पडतं.

ऑफर आली तर घे. लेक सहाची आहे, तुमच्या हातात वेळ आहे. पण तुम्ही दोघंही बी-वनपर्यंत, म्हणजे रोजचं बोलणं निभावेल इतक्या पातळीपर्यंत, जर्मन करूनच या, ऑफिसात इंग्रजी चालत असली तरी. आणि चौथीच्या त्या भेटीला जाताना चांगलं जर्मन येणारं कुणीतरी सोबत ने. मला शेजारीण म्हणाली होती, ‘मी येते.’ मी नको म्हटलं.