बाटली वाया गेलेली नाही

प्रश्न : काकू, मुलाने येताना विमानतळावरून टकीलाची बाटली आणली. दिवाळीला जावई येणार म्हणून मी बाटलीतच चार हिरव्या मिरच्या चिरून टाकल्या आणि आठवडाभर तशीच ठेवली. संत्र्यांचा रस सकाळीच मिक्सरमधून काढून फ्रीजमध्ये ठेवला. संध्याकाळी पहिल्याच घोटाला जावयांच्या डोळ्यांत पाणी! वरून कडू. साखर घातली, बर्फ घातला, काही फरक नाही. बाटली फेकायची का?
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : फेकू नका भाऊ. दोन गोष्टी वेगवेगळ्या बिघडल्या आहेत.

आधी तिखटाचं. मिरचीतलं कॅप्सायसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, दारूत मात्र भराभर उतरतं. आठवडा कशाला, मिनिटं पुरतात. मिरच्या आजच काढा, टकीला गाळून घ्या आणि यापुढे ती विरजणासारखी वापरा : एका ग्लासाला साधी टकीला ५० मिली, त्यात ही १० मिली. साधी घेताना लेबलवर ‘१०० टक्के आगावे’ (टकीला जिच्यापासून बनते ती वनस्पती) लिहिलेलं बघा. ते नसेल तर आगावेची साखर अगदी ५१ टक्क्यांइतकी कमीही असू शकते, बाकी दुसरी. रंगहीन ‘ब्लँको’ घ्या, मिरची तिच्यातच खुलते.

पुढच्या वेळी एकच मिरची उभी चिरा, आतली पांढरी शीर काढून टाका (खरा जाळ तिथेच असतो) आणि काचेच्या बरणीत कपभर टकीलात घाला. दहा मिनिटांनी चमच्याने चाखा, मग दर पाच मिनिटांनी. जिभेच्या टोकाला चटका जाणवला की मिरची बाहेर.

आता कडूपणा, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण दोष नाहक आपल्या संत्र्याला लागतो. मिक्सरमध्ये बिया भरडल्या जातात, ते एक. शिवाय नागपुरी संत्र्याचा रस काढल्या काढल्या गोड लागतो आणि ठेवला की कडवट होत जातो. लिमोनिन नावाचं द्रव्य त्यात हळूहळू तयार होतं, फ्रीजमध्येही. म्हणून संत्रं आडवं कापायचं, हातानेच हलकं पिळायचं, गाळायचं आणि लगेच वापरायचं. पाहुणे बसल्यावर पिळा.

प्रमाण सांगते : टकीला ६० मिली, संत्र्याचा रस ४५, कागदी लिंबाचा २०, साखरेचा पाक १५. दिवाळीच्या सुमाराचं आंबिया बहाराचं फळ आंबटगोड असतं, त्याला हे बरोबर बसतं. फेब्रुवारी-मार्चचा मृग बहार गोड, तेव्हा पाक निम्मा करा. शेकर नसला तर घट्ट फिरकीच्या झाकणाची बरणी चालते. अर्धी बर्फाने भरा आणि बरणीला बाहेरून दव येईपर्यंत जोरात हलवा.

ग्लासाच्या काठाला लिंबाची फोड फिरवून जाडं मीठ आणि भिवापुरी तिखट लावा, पण अर्ध्याच काठाला, म्हणजे ज्याला नको त्याला दुसरी बाजू. भिवापूर आपल्याच नागपूर जिल्ह्यातलं, तिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. पाहुण्यांना हे जरूर सांगा.

दारू पिण्याचा परवाना काढलेला असू द्या, आणि पंचविशीच्या आतल्या भाच्या-पुतण्यांना संत्र्याचा नुसता रस. जावई वर्ध्याचे असतील तर उरलेली बाटली सोबत बांधून देऊ नका, तिकडे दारूबंदी आहे.