ट्रेलर पहिल्यांदाच ओढताय? आधी सामान नीट लावा
गाडी किती वजन ओढेल, हे सगळे विचारतात. ट्रेलरमध्ये सामान कुठे ठेवायचं, हे फारसं कुणी विचारत नाही, आणि घोळ तिथेच होतो. जड वस्तू चाकांच्या किंचित पुढे, तळाशी आणि घट्ट बांधलेल्या हव्यात. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण 10 टक्के भार गाडीच्या मागच्या, ट्रेलर जोडायच्या हुकवर यावा. गाडीच्या मॅन्युअलमधली मर्यादा मात्र ओलांडू नका.

मागे वजन जास्त झालं, की वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डुलायला लागतो. अशा वेळी करकचून ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग उलटसुलट फिरवायचं नाही. स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढा. मग बाजूला थांबून सामान पुन्हा लावा. नुसतं हळू चालवून भागत नाही.

हुक नीट बसला का, हे ट्रेलरचं तोंड जॅकने थोडं उचलून बघा. गाडीचा मागचा भागही सोबत वर आला तर ठीक. ट्रेलर गाडीला बांधणाऱ्या सुरक्षेच्या साखळ्या ट्रेलरच्या पुढच्या दांडीखालून एकमेकींना छेद देऊन लावा. हुक सुटलाच तर दांडी रस्त्यावर न आपटता त्यांच्यावर टेकते. दिवे आणि टायरची हवा तर बघालच.

रिव्हर्सची उगाच धास्ती घेतात लोक. हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरा. तो डावीकडे नेलात तर ट्रेलरची मागची बाजू डावीकडे जाईल. ट्रेलर फारच वळला, की हट्ट सोडा, गाडी पुढे घेऊन सरळ करा. आणि हो, खालचा गिअर उतार सुरू व्हायच्या आधीच टाका.