द्राक्षबागेतल्या जुन्या मिनी ट्रॅक्टरचा ब्रेक उजवीकडे ओढतो, घरी दुरुस्त होईल का?

तुम्ही म्हणता, मागच्या डाव्या-उजव्या चाकांची दोन्ही ब्रेक पॅडल कडीने जोडून दाबली की ट्रॅक्टर उजवीकडे खेचतो, डावं पॅडल पार खाली जातं आणि मेकॅनिक दोन्हीकडचे लायनर (ब्रेकच्या ड्रमला आतून घासून चाक थांबवणारं अस्तर) बदलायला सांगतोय. लगेच पैसे काढू नका.

उजवीकडे ओढतो म्हणून उजवा ब्रेक खोलू नका, तो बिचारा काम करतोय. दुखणं डावीकडे आहे. बागेत ओळ संपली की आपण एकच पॅडल दाबून ट्रॅक्टर फिरवतो. ज्या अंगाला वळायची सवय, तिकडचा लायनर आधी झिजतो.

पहिलं काम फक्त पान्याचं. पॅडलकडून मागे जाणाऱ्या रॉडचा चेक नट (रॉड जागेवर पक्का धरणारा नट) सैल करा, रॉड थोडा आवळा आणि दोन्ही पॅडलची मोकळी चाल (ब्रेक लागण्याआधी पॅडल सैल जातं तेवढं अंतर) सारखी आणा. साधारण इंचभर असते, नेमका आकडा मॉडेलच्या पुस्तकात मिळेल. चाल अजिबात ठेवली नाही तर लायनर ड्रमला घासत राहतो आणि ड्रम तापतो.

रॉडला आवळायला जागाच उरली नसेल तर ड्रम खोलावा लागेल. (हे सगळं कोरड्या, ड्रमच्या ब्रेकबद्दल. तेलात बुडालेल्या डिस्क असतील तर ते घरचं काम नाही.) ड्रम निघायला हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून जमीन सपाट हवी, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड आणि मागे जॅकशिवाय लाकडी ठोकळेही हवेत. आतली धूळ कॉम्प्रेसरने किंवा तोंडाने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

आता नीट बघा. धूळ कोरडी आणि लायनर रिव्हेटपर्यंत आला असेल तर ती साधी झीज. पण धूळ काळी, चिकट आणि गिअर ऑइलचा वास असेल तर ऑइल सील (शाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी कडी) गेलंय. नवं सील आणण्याआधी मागच्या हाउसिंगवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं छोटं तोंड) बघा. फवारणी आणि चिखलाने तो बुजला की आत दाब वाढतो आणि तेल सीलमधून वाट काढतं. तेलाची पातळी खुणेच्या वर असेल तरी तेच. शाफ्टवर सील बसतं तिथे नख फिरवा. नख अडकलं तर तिथे चर पडलाय, आणि त्यावर नवं सीलही लवकरच गळेल.

तेल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळावर धरून परत बसवणारे पुष्कळ आहेत. वरून कोरडा दिसतो, तापला की आतलं तेल पुन्हा बाहेर येतं. तो फेकाच. या वेळी मात्र मेकॅनिकचं ऐका: लायनर नवे टाकायचे तर दोन्हीकडचे टाका, नाहीतर ओढणं दुसऱ्या बाजूला सुरू होईल. ड्रमवर खोल रेघा असतील तर लेथवर टर्निंग करून घ्या. कॅम (लायनर ड्रमवर दाबणारा फिरता तुकडा) बहुधा गंजलेला असतो. साफ करून त्याला अगदी पुसटसं ग्रीस लावा, आणि रिटर्न स्प्रिंग ढिली वाटली तर तीही बदला.

जोडून झालं की मोकळ्या रानात, हळू वेगात, पॅडलची कडी लावून ब्रेक दाबा आणि उतरून मागे बघा. दोन्ही चाकांच्या घसटीच्या खुणा सारख्या लांबीच्या हव्यात. एक आखूड असेल तर त्या बाजूचा रॉड अर्धा आटा आवळून पुन्हा बघा. रस्त्यावर न्यायचा तेव्हा ती कडी लावलेलीच हवी.