पॅकार्ड ही अमेरिकन मोटार कंपनी बुडाली कशी?

थोडक्यात सांगायचं तर, दुसऱ्याचं दुखणं गळ्यात बांधून घेतलं. जेम्स पॅकार्डने घेतलेली विंटन गाडी सारखी बिघडायची. तक्रार केली तर ती बनवणाऱ्या विंटनने 'मग स्वतःच बनवून दाखव' असं सुनावलं म्हणे. पठ्ठ्याने 1899 मध्ये ओहायोतल्या वॉरेन गावी खरंच बनवली! 1903 मध्ये कारखाना डेट्रॉइटला गेला आणि पुढे अनेक वर्षं श्रीमंतांची गाडी म्हणजे पॅकार्ड. मंदीत तगायला 1935 मध्ये स्वस्तातली 'वन-ट्वेंटी' काढली. कंपनी वाचली, पण माझ्या मते रुबाब तिथूनच उतरला. 1954 मध्ये स्टुडबेकर ही दुसरी मोटार कंपनी विकत घेतली, तीही हिशेब नीट न तपासता. ती आतून पोखरलेली निघाली. 1956 मध्ये डेट्रॉइटमधलं उत्पादन थांबलं. त्यानंतर 1958 पर्यंत स्टुडबेकरच्याच गाड्या पॅकार्ड नावाने खपवत होते.